तेलाचा लाल दिवा

घरच्या घरी गाडीचं ऑइल बदलायचं ठरलं ते पैसे वाचावेत म्हणून, हे आधीच कबूल करतो. आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक. आमचे विषय उर्दू आणि मराठी. गाडीचं ज्ञान चालवण्यापुरतं. पण मोठा मुलगा पॉलिटेक्निकला जाऊ लागल्यापासून त्याच्या हातांना खाज सुटली होती. "अब्बा, गॅरेजवाला करतो तेच मी करीन. फक्त तुम्ही दोघं जवळ थांबा," तो म्हणाला.

कराडला भाचीची मंगनी रविवारी होती. शनिवारी असरनंतर अंगणाशेजारच्या उंचवट्यावर पुढची चाकं चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. मुलाने बिस्मिल्ला म्हणून चेंबरचा बोल्ट सोडला आणि काळं तेल जुन्या टबात पडू लागलं. मग त्याने फिल्टर फिरवून काढला. नवा बसवला, बोल्टला नवा वायसर घातला, बोल्ट आवळला आणि वरून सुमारे ३ लिटर नवं तेल ओतलं. मगरिबची अजान झाली तेव्हा इंजिन दोन मिनिटं चालवून बघितलं. सगळं ठीक. अंधार पडला होता. गाडीखाली वाकून बघायचं कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पुढे आम्ही दोघं, मागे दादी, मोठा आणि धाकटी. मिठाईचे डबे मांडीवर. चिपळूण मागे टाकलं. पोफळीच्या अलीकडे एका वळणावर डॅशबोर्डवर काहीतरी लाल चमकलं आणि विझलं. पुढच्या वळणावर पुन्हा. मग गतिरोधकापाशी गाडी हळू केली तर दिवा लागला तो लागूनच राहिला. किटलीसारखं चित्र, तोटीतून पडणारा एक थेंब.

"अब्बा, अलादीनचा चिराग लागला!" धाकटी ओरडली. सगळे हसले. मोठा तेवढा हसला नाही.

खरं सांगायचं तर थांबावं असं आम्हांला वाटत नव्हतं. समोर कुंभार्ली घाट, कराडला पाहुणे जमलेले. धाकट्या मामूंना फोन लावला. ते म्हणाले, "कालच ऑइल बदललं ना? मग तो दिवा येतोच. सर्व्हिसची आठवण असते ती. रिसेट करायची असते. बिनधास्त या." ऐकून हायसं वाटलं. तेवढ्यात मागून मोठा हळूच म्हणाला, "सर्व्हिसचा दिवा वेगळा. तो पान्ह्याचा असतो, पिवळा. हा प्रेशरचा आहे. गाडी बंद करा, अब्बा."

त्याचा आवाज असा होता की आम्ही गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली.

एका चहाच्या टपरीसमोर थांबलो होतो. टपरीवर बसलेल्या एका भल्या माणसाने सल्ला दिला, "सेन्सर गेला असंल. वायर काढून टाका, दिवा लागणारच नाय." सल्ला मोहात पाडणारा होता. वायर काढली असती तर दिवा विझलाही असता आणि आम्ही घाट चढायला लागलो असतो.

सपाट जागेवर दहा मिनिटं थांबून मोठ्याने डिपस्टिक काढली. पुसली, पुन्हा आत घातली, काढली. तेल दोन खुणांच्या मध्ये दिसायला हवं. पट्टीच्या टोकालाही तेल नव्हतं. तो खाली वाकला. फिल्टरपासून चेंबरपर्यंत सगळं ओलं होतं आणि थेंब थेंब रस्त्यावर पडत होता.

तेव्हा आम्ही जे बोललो ते लिहायला आज लाज वाटते. "म्हणून सांगत होतो गॅरेजला देऊ! शंभर-दोनशे वाचवायला गेलो!" दादी मध्ये पडल्या, "अरे, पोराला का बोलता?" मोठा गप्प होता. फडक्याने हात पुसत राहिला. पुसण्यासारखं हाताला काही उरलं नव्हतं, तरी पुसत राहिला.

टपरीवाल्याने ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. ते मोटरसायकलवरून आले, खाली आडवे झाले आणि फिल्टर फिरवून काढला. मग हसून दोन बोटांत काहीतरी धरून वर केलं. काळी, चपटी झालेली रबरी रिंग.

"ही जुन्या फिल्टरची. इंजिनालाच चिकटून राहिली होती. तिच्यावर तुम्ही नवा फिल्टर चढवलात, म्हणजे दोन रिंगा एकावर एक. थोडा वेळ धरतं. मग गाडी पळायला लागली, प्रेशर वाढलं की सरकतं आणि तेल बाहेर." त्यांनी मुलाकडे बघितलं. "जुना फिल्टर काढला तेव्हा त्याच्यावर रबर आहे का, बघितलं नाहीस?"

मुलाने उत्तर दिलं नाही. त्याने आमच्याकडे बघितलं.

आणि आम्हांला आठवलं. शनिवारी संध्याकाळी तो जुना फिल्टर हातात घेऊन आमच्यापाशी आला होता. "याच्यावर रबर दिसत नाही. असं असतं का?" आमच्यापैकी एकाच्या हातात टॉर्च होता, दुसऱ्याच्या हातात फोन. शाळेच्या ग्रुपवर गुणांच्या याद्या चालल्या होत्या. "असेल तसंच. नव्याला रबर आहे ना? लाव आता, अजान होईल," असं आमच्यापैकी कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं याला अर्थ नाही. दोघंही तिथेच होतो आणि दोघांनीही फिल्टरकडे मान वळवली नव्हती.

वर्गात आम्ही रोज सांगतो, शंका असेल तर विचारा. त्याने विचारली होती. रस्त्यावर सगळ्यांसमोर बोलणी खाताना तो सांगू शकला असता, "मी दाखवलं होतं." सांगितलं नाही. आम्ही त्या टपरीसमोरच त्याची माफी मागितली. मेकॅनिक, टपरीवाला आणि दादींच्या देखत, कारण बोललोही सगळ्यांच्या देखतच होतो. तो "जाऊ दे हो," म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली शिरला.

नवा फिल्टर, नवं तेल. रबरावर बोटाने थोडं तेल लावून फिल्टर हाताने बसवला. मेकॅनिकने चावी फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही. लाल दिवा लागला. "हा आता लागायलाच हवा. नाही लागला तर दिव्यातच बिघाड." मग इंजिन चालू केलं. दिवा काही क्षणांत विझला. "चालू झाल्यावर विझायला हवा. रस्त्यात लागला तर एक मिनिटही गाडी पळवायची नाही. पंप तेल ढकलतो म्हणून आतले भाग एकमेकांवर घासत नाहीत. तेल पोचलं नाही तर बेअरिंग जातात, इंजिन जाम होतं. घाटात नेली असतीत तर इंजिन खोलावं लागलं असतं." मग तिघंही खाली वाकून बघत राहिले. गळती नव्हती. इंजिन बंद करून, थोडं थांबून तेल पुन्हा मोजलं. खूणेच्या वर भरू नका, असंही त्यांनी बजावलं. जास्त तेलाला फेस येतो आणि तोही इंजिनाला मारतो.

कराडला पोचेपर्यंत जोहरची वेळ झाली होती. मंगनीची दुआ चुकली, जेवण मिळालं. मामूंना आम्ही काही बोललो नाही. त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं होतं.

मागच्या महिन्यात पुन्हा ऑइल बदलायची वेळ आली. गॅरेजला द्यावी का, असं मोठ्याने विचारलं. आम्ही म्हटलं, तूच कर, पण सकाळच्या उजेडात. त्याने जुना फिल्टर काढला, उलटा केला आणि काही न बोलता आमच्यासमोर धरला. फोन घरात ठेवून आलो होतो. दोघांनी वाकून बघितलं. रिंग फिल्टरवरच होती. मग इंजिनाच्या बाजूला टॉर्च मारून तिथेही बोट फिरवून बघितलं.

"आहे," आम्ही म्हणालो. "आता लाव."