दोन टाक्यांची गाडी

आम्ही चौघांनी उमेदीची दहा-बारा वर्षं एकाच जातीच्या गाडीखाली आडवं पडून काढली. दोघे खेडचे, एक दापोलीचा, एक म्हसळ्याचा. १९८१ साली मुंबईत एजंटाचे पैसे चुकते करून आम्ही दम्मामला उतरलो आणि एका बांधकाम कंपनीच्या गॅरेजात फिटर म्हणून लागलो. मुंबईत आमचे हात फियाटवर बसलेले. तिचं इंजिन १.१ लिटरचं. इथं पहिल्या दिवशी समोर शेव्हरोलेची पिकअप उभी. मागं आठ फुटांचा हौदा, पुढं तिघांना पुरेल असं एकच सलग सीट, आणि बोनेट उचललं तर आत ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. दापोलीचा सोबती वाकून बघत म्हणाला, "अरे, या बोनेटखाली तर बिछाना टाकून झोपता येईल!"

तिकडे पिकअपला 'वानेत' म्हणतात. जीएमसीच्या गाड्यांना 'जिम्स'. हजला गेलेल्या आपल्या लोकांना हे नाव चांगलं ठाऊक आहे, कारण मक्का-मदिनेच्या वाटेवर भाड्यानं चालणाऱ्या मोठ्या जीएमसीत बसून कितीतरी हाजी फिरले. शेव्हरोले आणि जीएमसी या एकाच घरातल्या दोन बहिणी. जनरल मोटर्स एकच गाडी दोन नावांनी विकायची.

गाडीची कुळकथा आम्हाला सांगितली ती यमनी चाचानं. चाचा इब्बकडचा, गॅरेजातला सगळ्यात जुना माणूस. त्याचा धाकटा भाऊ अमेरिकेत डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यात कामाला होता. तिथं यमनी आणि लेबनानी कामगारांची मोठी वस्ती आहे. चाचा हसून म्हणायचा, "भाऊ तिकडे बोल्ट आवळतो, मी इकडे सोडतो. दोघांचं घर एकाच बोल्टवर चालतं."

१९७२च्या शरदात ही पिढी बाजारात आली, १९७३चं मॉडेल म्हणून. नावात 'सी' असेल तर मागच्या दोन चाकांवर चालणारी, 'के' असेल तर चारही चाकांवर. पुढं १०, २०, ३० हे आकडे म्हणजे अर्धा टन, पाऊण टन, एक टन. तोवर पिकअप म्हणजे शेतकऱ्याचं नाहीतर गवंड्याचं वाहन. या पिढीत सहा माणसांची केबिन आली, १९७५पासून 'सिल्व्हरॅडो' नावानं शौकिनांसाठी सजवलेली गाडीही मिळू लागली. बाहेरच्या देशांच्या हलक्या ट्रकवर अमेरिकेनं १९६४पासून २५ टक्के जकात बसवली होती, तीही कोंबडीच्या व्यापारावरून युरोपशी झालेल्या भांडणातून. त्यामुळं मैदान घरच्याच कंपन्यांचं राहिलं, आणि गाड्या मोठ्याच राहिल्या.

पण गाडी येऊन वर्ष होतं न होतं तोच ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल अडवलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पेट्रोल पिणाऱ्या या गाडीवर तो पहिला घाला. पुढं १९८१मध्ये कंपनीनं तिचं तोंड बदललं, वजन कमी केलं, १९८२मध्ये ६.२ लिटरचं डिझेल इंजिन दिलं. सगळी धडपड पेट्रोल वाचवण्याची. आणि त्याच वाढलेल्या भावाच्या पैशातून आखातात बंदरं, रस्ते, जुबैलसारखी शहरं उभी राहू लागली. त्यासाठी माणसं हवी होती, म्हणून आमच्या गावांतून पोरं निघाली. ज्या तेलानं या गाडीला तिच्या घरी अडचणीत आणलं, त्याच तेलानं आमच्या घरांवर कौलाच्या जागी स्लॅब आणला. आमची आणि तिची गाठ अशी एकाच वर्षानं बांधलेली.

आता टाकीचं सांगायला हवं.

आधीच्या पिढीत पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागं असायची. १९७३मध्ये ती तिथून काढून हौद्याच्या खाली बाजूला टांगली. चासीचे जे दोन लांब पोलादी दांडे असतात, त्यांच्या आत नव्हे, बाहेर. दांडा आणि बाहेरचा पत्रा यांच्या मधे. एका बाजूला एक टाकी असायचीच, जादा पैसे दिले की दुसऱ्या बाजूलाही मिळायची. वीस गॅलनच्या दोन घेतल्या तर दीडशे लिटर पेट्रोल. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की एक टाकी बंद, दुसरी चालू. वाळवंटातल्या माणसाला ही केवढी बरकत! फिटरलाही सोय. पट्ट्यांचे बोल्ट सोडले की टाकी हातात. बाजूनं ठोकलेल्या गाड्या गॅरेजात यायच्या, टाकीचा पत्रा दबून दांड्याला टेकलेला असायचा. आम्ही ती टाकी काढायचो, दुसरी लावायचो, चहा प्यायचो. ही टाकी इथं का, हा प्रश्न आम्हा चौघांपैकी एकाच्याही मनात कधी आला नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेत घेतलं. आमच्या भागातली कितीतरी माणसं कुवेतला होती. बगदाद, मग अम्मान, मग विमानानं मुंबई, अशी ती अंगावरच्या कपड्यांनिशी घरी पोचली. आमच्या गॅरेजात त्या लढाईची झळ बसली ती यमनी चाचाला. यमनी लोकांना सौदीत कफीलशिवाय राहता येत असे. राजकारणात यमनची भूमिका सौदीला रुचली नाही, आणि सप्टेंबरमध्ये ती सवलत काढून घेतली. काही आठवड्यांत लाखो यमनी माणसं दक्षिणेकडे निघाली. आयुष्यभराचा संसार पिकअपवर लादून.

चाचाकडे स्वतःची जुनी शेव्हरोले होती, एका टाकीची. एका संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, "बेटा, वाटेत पंपांवर रांगा असतील. मला दुसरी टाकी लावून द्या."

इशाच्या नमाजनंतर आम्ही चौघे कामाला लागलो. मोडीतल्या गाडीची टाकी काढली, धुतली, डाव्या बाजूला पट्ट्यांनी टांगली, नळी जोडली, बटण बसवलं. फजरची अजान झाली तेव्हा हात धुतले. चाचा पैसे काढायला लागला, आम्ही त्याचा हात धरला. सकाळी हौद्यावर फ्रिज, शिलाई मशीन, गालिचे, वळकट्या चढल्या. पुढच्या सीटवर चाचा, चाची आणि तान्हं नातवंड. बाकीची पोरं मागं वळकट्यांवर, म्हणजे नेमकी दोन टाक्यांच्या वर. आम्ही दुआ मागितली. चाचानं खिडकीतून हात काढून डाव्या बाजूचा पत्रा दोनदा थोपटला.

फेब्रुवारी १९९३मध्ये आमच्यातल्या एकानं इंग्रजी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. अटलांटाच्या ज्यूरीनं जनरल मोटर्सला १० कोटी ५० लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं होतं. १९८९मध्ये एका तरुणाच्या पिकअपला बाजूनं धडक बसून आग लागली आणि तो गेला, त्याचा हा खटला. टाकी दांड्याच्या बाहेर, म्हणून धडक थेट तिलाच बसते, असं वकिलांचं म्हणणं. कंपनीचं म्हणणं, त्या काळचे सरकारी नियम आमच्या गाडीनं पाळले आहेत. त्याच महिन्यात दुसरी बातमी आली. एनबीसी वाहिनीनं या गाडीला आग लागल्याचं जे दृश्य नोव्हेंबर १९९२मध्ये दाखवलं होतं, त्यात तिच्या माणसांनी ठिणगी पाडणारी उपकरणं लावली होती. वाहिनीनं जाहीर माफी मागितली. खरं सांगायला निघालेल्यांनीही खोटं मिसळलं, आणि त्यामुळं खऱ्याचं वजन कमी झालं.

त्या रात्री आम्ही जेवलो नाही. कोर्टाचं कोर्ट बघेल. चाचाच्या गाडीची डावी टाकी कुठल्या कंपनीनं नव्हे, आम्ही लावली होती. फुकट लावली, प्रेमानं लावली, पण लावली आम्ही. दबलेल्या टाक्या वर्षानुवर्षं आमच्याच हातांनी बदलल्या होत्या.

चाचाचा पत्ता नव्हता. १९९४च्या हजला आमच्यातला एक गेला, तेव्हा त्यानं मिनात यमनी हाजींना विचारत फिरून इब्बच्या एका माणसापाशी निरोप ठेवला. काही महिन्यांनी पाकीट आलं. आत फोटो. तीच गाडी, हौद्यात कांद्याची पोती, पोत्यांवर नातवंडं. मागं चाचानं लिहून घेतलं होतं, "सगळे खुशाल आहोत. दोन टाक्या भरायची आता ऐपत नाही, म्हणून एकच भरतो. तुमची टाकी रिकामीच असते."

दुसऱ्या कुणाला यात हायसं वाटलं असतं. पण रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून सुरक्षित नसते. तिच्यात वाफ असते, हे फिटरला कळतं. आम्ही लगेच पत्र धाडलं, सगळं खरं सांगितलं, माफी मागितली आणि लिहिलं, डावी टाकी आजच्या आज काढून टाका.

त्याच वर्षी अटलांटाचा निकाल वरच्या कोर्टानं फिरवला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या वाहतूकमंत्र्यांनी गाडीत दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये कंपनीशी तडजोड केली. कंपनीनं सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी पाच कोटी दहा लाख डॉलर द्यायचे, गाड्या परत बोलवायच्या नाहीत. १९७३ ते १९८७ या काळात बाजूला टाकी असलेल्या सुमारे एक कोटी गाड्या विकल्या गेल्या होत्या. आम्ही कागदावर भागाकार केला. गाडीमागे पाच डॉलर. एवढ्यात आमच्या गॅरेजात टाकीच्या पट्ट्याही येत नसत. आणि १९८८च्या नव्या पिढीत कंपनीनं टाकी दांड्यांच्या आत घेतली होती. म्हणजे करता येत होतं.

चाचाचं उत्तर आलं तेव्हा आमच्यातले दोघे कायमचे गावी परतायच्या तयारीत होते. दोनच ओळी होत्या. "टाकी काढली. रिकामी असूनही इतके दिवस ठेवली होती, कारण ती तुमची आठवण होती."

आता चौघांतले तीनच उरलो आहोत. ती गाडी अमेरिकेत 'स्क्वेअर बॉडी' म्हणून शौकिनांची लाडकी झाली आहे. जुन्या गाड्या रंगवून, चकाकवून मोठ्या किमतीला विकल्या जातात. नातू मोबाईलवर फोटो दाखवतो, "दादा, हीच ना तुमची गाडी?" रंग, चाकं, तोंड सगळं तोच सांगत असतो. आम्ही तिघेही आधी केबिनच्या मागं, हौद्याच्या खालच्या पत्र्याकडे बघतो. आत टाकी आहे का, हे फोटोत दिसत नाही. तेव्हाही ते बाहेरून कुणाला दिसत नव्हतं. आम्हाला मात्र रोज दिसत होतं.