काळं जिरं, पण कुठलं?

दिवाळी झाल्यावर पुण्याहून सुनेचा फोन आला. तिला तेव्हा पाचवा महिना होता. "आई, तुमच्याकडं काळं जिरं असेल ना? माझ्या ऑफिसातल्या एकीनं सांगितलंय, त्याचं तेल रोज सकाळी चमचाभर मधातून घ्यायचं, सगळ्यावर चांगलं. इथं तेलाची बाटली मिळते, पण घरचं बी असलं तर पाठवा."

मी विचारलं, "कुठलं काळं जिरं?"

"काळं जिरं हो. काळं. कुठलं म्हणजे?"

मला हसू आलं आणि पोटात थोडं कालवलंही. हा एवढा प्रश्न मी एकदा दुकानात विचारला नव्हता. त्यापायी सासरची चार वर्षं मी मान खाली घालून काढली.

माझं माहेर निपाणीचं. घरात मराठी, बाजारात दोन्ही. आज्जी कांदा-लसणाच्या बाबतीत इतकी कडक, की शेजारच्या घरात फोडणी पडली तर आमची खिडकी लागायची. मी सातवीत असताना थोरले काका-काकू सम्मेद शिखरजीची यात्रा करून आले आणि येताना तिकडच्या कुणी दिलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी घेऊन आले. तेलात बडीशेप, मेथी आणि बारीक काळे तिकोनी दाणे. आज्जीनं एक दाणा नखावर घेऊन उजेडात धरला आणि म्हणाली, "कांद्याचं बी हाय हे. आपल्यात चालत न्हाई." बरणी तशीच उचलून गल्लीतल्या अत्तार चाचींकडं गेली. चाची खूश झाल्या. त्या म्हणाल्या, ही तर कलौंजी, आमच्यात म्हणतात मौत सोडून सगळ्या दुखण्यावर चालते. आज्जीनं हात जोडले नि परत आली. आम्ही पोरं त्या लोणच्यासाठी दोन दिवस हळहळलो.

आज्जीची त्यात चूक नव्हती. बाजारात कितीतरी लोक कलौंजीला कांद्याचं बीच म्हणतात. दोन्ही बिया शेजारी ठेवल्या तर रंग तोच, आकारही जवळजवळ तोच. पण कलौंजीचा आणि कांद्याचा नात्याचा काही संबंध नाही. कलौंजीचं झाड हातभर उंचीचं, शेपूसारख्या बारीक पानांचं, त्याला फिकट निळसर पांढरी फुलं येतात. वनस्पतिशास्त्रात ती बचनागाच्या कुळात बसते, कांद्याच्या नाही. जमिनीखाली तिला कांदाही नसतो नि कंदही नसतो. मध्य प्रदेशात, राजस्थानात रब्बीला पेरतात. ओळखायची खूण सोपी आहे. चार दाणे तळहातावर चोळायचे. ओवा आणि मिरी यांच्या मधला उग्र वास आला तर कलौंजी. कांद्याच्या बियाला तो वास येत नाही. (आणि खरंच कांद्याचं बी असतं, तरी बी म्हणजे कंद नव्हे, मग चालतं का, असा वाद आमच्या मंडळात एकदा दुपारभर चालला होता. त्यात मी पडत नाही.)

तर माझ्या माहेरी कलौंजी हा पदार्थ नव्हताच. काळं जिरं मात्र होतं. पत्र्याच्या छोट्या डब्यात, देवघराच्या वरच्या फळीवर. पावसाळ्यात पोटात जंत होतात म्हणून आई चिमूटभर कुटून गुळाच्या खड्यात लपवून द्यायची. लपायचं कसलं! जीभ दुपारपर्यंत कडू. त्याला कुणी कडू जिरं म्हणायचं, आमच्या घरी काळं जिरं.

लग्न झालं ते हुक्केरी तालुक्यात. आपल्या समाजात निपाणीची मुलगी कानडी घरात जाणं नवं नाही. सीमा नकाशात आहे, सोयरिकीत कधी नव्हती. पण मला कानडी येत होतं ते बाजारापुरतं. सासूबाईंना, म्हणजे अत्तींना, मराठी कळायचं पण बोलायच्या कानडीच. पहिल्याच वर्षी वन्सं बाळंतपणाला आल्या. मुलगा झाला. नवव्या दिवशी अत्तींनी मला दुकानात पाठवलं. "करी जीरगी तगोंड बा."

करी म्हणजे काळी. जीरगी म्हणजे जिरं. मी वाटभर मनात घोकत गेले. दुकानदार मराठी बोलणारा होता, मला बरं वाटलं. म्हटलं, छटाकभर काळं जिरं द्या. त्यानं पुडी बांधून दिली. मी घरी येऊन ती निवडली, किडा-मुंगी काही नाही ना ते ताटात पसरून पाहिलं, आणि स्वतःच्या हौसेनं भाजून कुटूनही ठेवली. अत्ती त्या वेळी बाळाला न्हाऊ घालत होत्या. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत त्यांनी ती पूड तूप-गुळात कालवून वन्संना दिली. चांगली दोन बोटं भरून.

वन्संनी पहिल्या घासालाच तोंड वाकडं केलं. बाळंतिणीला औषध कडूच असतं, असं म्हणून अत्तींनी ते संपवायला लावलं. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. रात्रभर बाळ भुकेलं रडत होतं आणि वन्संना बसून पाजायची ताकद नव्हती. पहाटे बैलगाडी जोडून त्यांना डॉक्टरांकडं नेलं. दोन दिवसांत त्या सावरल्या. बाळालाही काही झालं नाही. आज ते बाळ स्वतःचा ट्रॅक्टर चालवतं.

डॉक्टरांकडून आल्यावर अत्तींनी उरलेली पूड जिभेला लावून पाहिली. चुलीजवळ बसून त्या एवढंच म्हणाल्या, "काडु जीरगी." मला वाटलं, कडू म्हणतायत. मला वाटलं, मीच भाजताना जाळली. पुष्कळ वर्षांनी कळलं की कानडीत काडु म्हणजे रान. रानजिरं. संस्कृतातही त्याला अरण्यजीरकच म्हणतात. आपण मराठीत कडू म्हणतो ते चवीवरून, ते काडु म्हणतात रानावरून, आणि वस्तू एकच. जंताचं औषध. आणि करी जीरगी म्हणजे कलौंजी. मी शब्दाचं भाषांतर अगदी बरोबर केलं होतं, वस्तू चुकली होती.

अत्ती मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी मला दुकानात पाठवणं बंद केलं. मी वाटलेला मसाला त्या आधी हुंगायच्या. पाहुणे आले की फोडणीला स्वतः उठायच्या. वन्सं पुढच्या सणाला आल्या तेव्हा माझ्या हातचा चहा घेताना क्षणभर कपाकडं बघायच्या, मग प्यायच्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही बघितलं असतं. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला हे समजायला वेळ लागतो.

हे सुटलं ते तवंदीच्या घाटात. म्हणजे त्याच दिवशी. आम्ही घरचे सगळे स्तवनिधीला दर्शनाला गेलो होतो. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली इथंच झाली, हे आप्पा प्रत्येक वेळी सांगायचे, त्या दिवशीही सांगितलं. दर्शन करून निपाणीला माझ्या माहेरी जेवायला जायचं होतं. वाटेत बाजारात अत्ती एका किराणा दुकानासमोर थांबल्या. थोरल्या जावेचे दिवस भरत आले होते, तिच्यासाठी सामान हवं होतं. अळीव, डिंक, खारीक घेऊन झालं. मग म्हणाल्या, "करी जीरगी."

दुकानदारानं मराठीत विचारलं, "काळं जिरं का, आज्जी?"

"हां, हां."

पुडी बांधून आली. अत्तींनी ती दुकानातच सोडली, दोन दाणे चोळले, हुंगले. लांबट, शिरा असलेले, करड्या काळ्या रंगाचे दाणे. "इद अल्ल," म्हणाल्या. हे नव्हे. मग माझ्याकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलल्या. "तुलाबी हेच दिलं व्हतं काय गं?"

मी मान हलवली. मला बोलता आलं नाही. दुकानदार बिचारा गोंधळून आमच्याकडं बघत होता. त्यानं आत जाऊन दुसरा डबा काढला, म्हणाला, मग कलौंजी पाहिजे म्हणा की. त्या दिवशी माहेरी जेवताना अत्तींनी आईजवळ माझं कौतुक केलं, भाकरी छान करते म्हणून. आईला काय, तिला वाटलं नेहमीचंच बोलणं.

नंतर घरी आल्यावर त्यांनीच मला चार पुड्या मांडून शिकवलं. कारळं, ज्याला त्या गुरेळ्ळ म्हणायच्या, ते बारीक, लांबट, चकचकीत, वास नाही. त्याची लसूण न घालता केलेली चटणी आमच्या घरात रोजची. ब्याडगी मिरची, जिरं, चिंच, गुळाचा खडा, मीठ. शहाजिरं तपकिरी, बाकदार, मसाल्याचं. कडू जिरं शिरांचं. आणि कलौंजी तिकोनी, मऊ काळी, चमक नसलेली. चारही काळी म्हणवतात. चौघांची कामं वेगळी.

आपल्याकडं अभक्ष्य पदार्थांच्या यादीत अजाण फळ असतं, ज्याची ओळख नाही ते खाऊ नये. लहानपणी मला वाटायचं, हे जंगलातून चालणाऱ्या मुनींसाठी असेल. किराणा दुकानातही ते लागू पडतं, हे मला हुक्केरीत कळलं.

पुढं हे वाचायची गोडी लागली. भावमिश्रांच्या भावप्रकाशात तीन जिरी एकत्र सांगितली आहेत, त्यातलं उपकुंचिका किंवा कालाजाजी म्हणजे आपली कलौंजी. उष्ण, पचायला हलकी, भूक वाढवणारी, पोटातला वारा, उलटी, अतिसार यांवर उपयोगी, आणि गर्भाशय शुद्ध करणारी. हा शेवटचा गुण नीट वाचायला हवा. बाळंतिणीला देतात ती त्यासाठीच, आणि गरोदर बाईला औषध म्हणून देत नाहीत तीही त्यासाठीच. आमच्या अत्ती अक्षरशत्रू होत्या, पण सातव्या महिन्यातल्या सुनेला त्यांनी लोणच्यापलीकडं एक दाणा दिला नसता.

दुसरी अडचण मधाची. चाचींच्या घरी कलौंजी मधातून, वैद्य सांगतात तीही मधातून, हल्लीच्या व्हिडिओत तर मधाशिवाय कुणी बोलतच नाही. आपल्याला मध चालत नाही. पण म्हणून औषध सोडावं लागत नाही. राष्ट्रकूट काळात उग्रादित्याचार्यांनी कल्याणकारक हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, मद्य, मांस आणि मध वर्ज्य ठेवून. तो १९४० साली सोलापुरातून छापला गेला. आमच्या घरी पूड जुन्या गुळात नि तुपात. सर्दीला तव्यावर शेकून फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि हुंगायची. पोट गच्च झालं तर ताकाला फोडणी, चार-सहा दाणे पुरतात. लोकरीच्या कपड्यांत आणि पोथ्यांच्या कपाटात वेखंडाबरोबर तिची पुरचुंडी ठेवायची. कसर दूर राहते, मरत नाही. डांबरगोळीपेक्षा मला हे बरं वाटतं.

साखरेच्या रुग्णांनी मात्र जपून. २०१० साली सौदी अरेबियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९४ मधुमेही, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला रोज १, २ किंवा ३ ग्रॅम कलौंजी, तीन महिने. २ ग्रॅमवाल्यांची साखर उतरली. ३ ग्रॅम घेऊन जास्त काही मिळालं नाही. लोक यातलं पहिलं वाक्य ऐकतात. गोळी चालू असताना साखर आणखी उतरली तर चक्कर येऊन पडायचं, हे कुणी ऐकत नाही. आमच्या मंडळातल्या दोघी डॉक्टरांना न सांगता तेल पितात. त्यांना मी प्रत्येक बैठकीत बोलते, त्या प्रत्येक बैठकीत हसतात.

सुनेला मी म्हटलं, "लोणच्यातले चार दाणे खुशाल खा. तेलाचा चमचा आत्ता नको. आणि तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय पुढंही नको. बाळंतपणाला मी येतेय, येताना घेऊन येते."

"मग तोवर निदान नाव तरी नीट सांगा," ती म्हणाली. "इथं दुकानात काय म्हणून मागू?"

"कलौंजी म्हण. आणि पुडी तिथंच सोडून चोळून बघ."

खडेबाजारातल्या एका अत्ताराकडून मी ताजी पाव किलो आणली आहे. ती अत्तींच्याच डब्यात भरली. डब्यावर त्यांनी नातवाकडून खडूनं लिहून घेतलेलं कानडी नाव होतं, ते पुसट झालंय. खाली मी मराठीत लिहिलं, कलौंजी. मग थोडी जागा उरली होती, तिथं कंसात लिहिलं, कांदा नव्हे, कडू नव्हे.