अशक्याचे पाय

पडद्यावर यान उतरतं तेव्हा प्रेक्षक यानाकडे बघत असतो, असं निर्मात्याला वाटतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असतं, की प्रेक्षकाचं लक्ष जमिनीकडे असतं. यान टेकलं तिथली माती दबली का, धूळ कुठल्या बाजूला उडाली, यानाच्या पायांखाली गडद सावलीची बारीक रेघ आहे का. ती रेघ नसेल तर कोट्यवधी रुपयांचं यान तरंगत राहतं. काय चुकलं ते प्रेक्षकाला सांगता येत नाही. ‘खोटं वाटतंय’ एवढंच तो म्हणतो आणि मोबाइल काढतो.

मी कंपोझिटर आहे. सेटवर कॅमेऱ्याने टिपलेलं मूळ दृश्य, ज्याला आम्ही प्लेट म्हणतो, आणि कम्प्युटरवर घडवलेली वस्तू, या दोघांची सोयरीक जुळवून देणं हे माझं काम. त्यात सगळ्यांत जास्त वेळ खातो तो काळा रंग. उन्हात टिपलेल्या प्लेटमधला काळा कधी ठार काळा नसतो. हवेतल्या धुळीमुळे, लेन्सवर सांडलेल्या उजेडामुळे तो राखाडीकडे झुकलेला असतो. कम्प्युटरमधून आलेलं यान मात्र नव्याकोऱ्या काळ्यात येतं. तो काळा हलकेच वर उचलायचा, प्लेटमधल्या काळ्याच्या शेजारी नेऊन बसवायचा, मग प्लेटचा ग्रेन, म्हणजे दाणेदार पोत, त्यावर चढवायचा, कॅमेरा हलल्यामुळे आलेली फरफट द्यायची आणि शेवटी पायाखालची ती सावली. एवढं जमलं की शॉटमध्ये आपण काही केलंय हे कुणाला कळत नाही. आमच्या कामाला याहून मोठी शाबासकी नसते.

राहायला हैदराबादच्या कुकटपल्लीत, केपीएचबी कॉलनीत. हाउसिंग बोर्डाने वसवलेली ही वसाहत आता मध्यमवर्गीय घरं, मुलामुलींची हॉस्टेलं आणि टिफिन सेंटरं यांनी गच्च भरली आहे. जेएनटीयूचे विद्यार्थी, हायटेक सिटीत जाणारे सॉफ्टवेअरवाले आणि आमच्यासारखे सिनेमाचे मजूर एकाच स्टॉलवर इडली खातात. पुण्याहून सोलापूरमार्गे येणारा हमरस्ता याच वस्तीतून जातो आणि इथले लोक त्याला मुंबई हायवेच म्हणतात. रात्री त्याच्या कडेला बॅगा घेऊन बसची वाट बघणाऱ्या घोळक्यात मराठी हमखास कानावर पडतं. मी सोलापूरचा. आमच्याकडच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या शेजारात वाढलो, त्यामुळे तेलुगू भाषा आणि तेलुगू सिनेमा मला हैदराबादला येऊन शिकावे लागले नाहीत.

इतकी वर्षं वेगवेगळ्या दिग्दर्शकांचे शॉट हातून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. विज्ञानपट कुणाला जमेल हे ओळखायचं असेल तर त्याची कल्पनाशक्ती किती दांडगी आहे ते बघू नये. तो किती अशक्य गोष्टी मागतो ते मोजावं. जितक्या कमी, तितका दिग्दर्शक पक्का. या मतामागे एक माणूस आहे. सिंगीतम श्रीनिवास राव.

1931 साली नेल्लोर जिल्ह्यातल्या उदयगिरीत जन्मलेल्या या माणसाने दिग्दर्शनाचे धडे घेतले ते के. व्ही. रेड्डींच्या हाताखाली. 1957 च्या ‘मायाबाजार’चे ते सहायक. त्या चित्रपटात लग्नाच्या पंगतीचं सगळं जेवण घटोत्कच एकटा फस्त करतो आणि लाडू ताटातून उडून आपोआप त्याच्या तोंडात जातात. ट्रिक फोटोग्राफीचा नमुना म्हणून हा प्रसंग आजही दाखवतात. मला मात्र त्यात घटोत्कच झालेला एस. व्ही. रंगाराव जास्त मोलाचा वाटतो. लाडू उडत येतोय याचं त्याला काडीचं नवल नाही. भूक लागलेला वऱ्हाडी जसा जेवेल तसा तो मनापासून जेवतो. अशक्य आहे ते फक्त लाडवाचं उडणं. पंगत, भांडी, चव, ढेकर हे सगळं आपल्या घरचं.

सिंगीतमांनी हा धडा आयुष्यभर गिरवला असं त्यांची कारकीर्द बघताना वाटतं. एरवी त्यांचे चित्रपट एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही. 1974 चा ‘दिक्कट्र पार्वती’ हा राजाजींच्या कथेवरचा तमिळ चित्रपट, दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या संसाराचा. 1987 चा ‘पुष्पक’ तर संवादांशिवायच. 1989 च्या ‘अपूर्व सहोदररगळ’मध्ये कमल हासन बुटका विदूषक होतो आणि पुढच्याच वर्षी ‘मायकेल मदन काम राजन’मध्ये चौघे जण. 1991 मध्ये ‘आदित्य 369’, 1994 मध्ये राक्षस-राजकन्यांचा ‘भैरव द्वीपम’. पण प्रत्येक ठिकाणी त्यांनी स्वतःला एकच अट घालून घेतली आणि बाकीच्या जगाला तिच्याभोवती नेहमीसारखं चालू दिलं. ‘पुष्पक’मध्ये कुणी बोलत नाही, पण त्यात कुणी मुकाही नाही. रस्त्यावर गाड्यांचे आवाज आहेत. बोलायची वेळ येणार नाही असे प्रसंग रचणं ही दिग्दर्शकाची डोकेफोड. प्रेक्षकाच्या वाट्याला फक्त मजा.

‘अपूर्व सहोदररगळ’मधला बुटका अप्पू माझ्या विशेष आवडीचा, कारण त्यात कम्प्युटर नव्हताच. समोरून शॉट असेल तेव्हा कमल हासन पाय मागे दुमडून, गुडघ्यांना बूट बसवून चालायचे. बाजूने शॉट घ्यायचा तर मागे दुमडलेले पाय दिसणार. मग जमिनीत चर खणायचा, पाय त्यात उतरवायचे आणि वरून माती सारखी करून घ्यायची. म्हणजे पाय लपवायला जमीनच कामाला लावली. आज तसा शॉट आला तर पाय पुसून मागची जमीन पुन्हा रंगवण्याचं काम आमच्या पेंट विभागाकडे येईल, आणि तिथेही कस लागेल तो जमिनीचाच.

आता ‘आदित्य 369’. कॉलेजात असताना वाचलेली एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’ सिंगीतमांच्या डोक्यात अनेक वर्षं घोळत होती. त्यांच्याकडून ही कल्पना ऐकून भारावलेल्या एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी निर्माता शोधून दिला, चित्रपट स्वतः प्रस्तुत केला, आणि नायक म्हणून नंदमुरी बालकृष्ण आले. संग्रहालयातला एक हिरा, त्याच्यावर डोळा असलेला अमरीश पुरींचा खलनायक, टिनू आनंदांनी केलेला प्राध्यापक आणि त्याने बनवलेलं कालयंत्र. नायक आणि नायिका चुकून त्यात बसून थेट कृष्णदेवरायांच्या विजयनगरात पोचतात, आणि परतताना वाट चुकून भविष्यात, 2504 सालात जातात.

यात दिग्दर्शकाचा हिशेब बघण्यासारखा आहे. 1991 च्या तेलुगू प्रेक्षकाने कालयंत्र कधी पाहिलेलं नव्हतं, पण कृष्णदेवरायांचा दरबार तो कोळून प्यालेला होता. बालकृष्ण यांचे वडील एन. टी. रामाराव यांनी 1956 च्या ‘तेनाली रामकृष्ण’मध्ये आणि 1962 च्या ‘महामंत्री तिम्मरुसु’मध्ये कृष्णदेवरायांची भूमिका केली होती. तोच राजा आता मुलाने, नायकाबरोबर दुहेरी भूमिकेत साकारला. यंत्राचं दार उघडलं आणि प्रेक्षक बाहेर पडला तो आपल्याच माजघरात. तिथे तेनालीराम भेटला, राजनर्तकी भेटली, विद्वानांच्या चकमकी झाल्या. यंत्र खरं वाटलं, कारण त्याने नेऊन सोडलेली जागा खरी होती. अणुयुद्धानंतरचं जग दाखवायची पाळी आली तोवर त्या यंत्राची पत प्रेक्षकाच्या खात्यात जमा झालेली होती. भविष्याआधी भूतकाळ ठेवण्याची ही पटकथेतली मांडणी मला सगळ्या ग्राफिक्सपेक्षा मोठी वाटते. छायालेखकही तीन: पी. सी. श्रीराम, व्ही. एस. आर. स्वामी आणि कबीर लाल. प्रत्येक काळाचा उजेड वेगळा दिसतो.

वेल्सने स्वतः पुढे एका प्रस्तावनेत हेच सांगितलं आहे: वाचकाकडून एकच अशक्य गोष्ट मान्य करून घ्यावी आणि मग बाकी सगळं माणसांसारखं चालू द्यावं. सगळंच अशक्य असेल तर कशाचंच काही वाटत नाही.

एप्रिल 2025 मध्ये ‘आदित्य 369’ 4के करून पुन्हा लागला, तेव्हा आमच्या ऑफिसातला नांदेडचा एक रोटो आर्टिस्ट, म्हणजे फ्रेममागून फ्रेम आकृत्यांच्या कडा आखणारा, माझ्याबरोबर आला होता. पडद्यावर बालय्या, म्हणजे बालकृष्ण, दिसताच कागदाचे कपटे उडाले, ‘जय बालय्या’च्या आरोळ्या झाल्या. कालयंत्राच्या शॉटना पोरगं मॅट लाइन, म्हणजे दोन चित्रं जोडल्याची कड, शोधत बसलं होतं.

“दादा, मॅट लाइन दिसतेय बघा,” तो कानाशी म्हणाला.

“दिसू दे. थेटरात किती जणांना दिसतेय?”

त्याने मागे वळून पाहिलं. मागची रांग दरबारातल्या गाण्यावर टाळ्यांचा ठेका धरून बसली होती. चौतीस वर्षांपूर्वीच्या ट्रिकची कड उघडी पडली होती, आणि कुणाचंही काही अडलं नव्हतं.

याउलट आमच्याकडे येणाऱ्या कामांत असे शॉट असतात, की आकाशात दोन चंद्र, खाली तरंगतं शहर, त्यातून उडत्या मोटारी, आणि पुढ्यात नायक, तोही हवेत. कशाचीच सावली कशावर पडत नाही. दिग्दर्शकाकडून निरोप येतो, ‘अजून भव्य करा.’ मग आम्ही तिसरा चंद्र टाकतो. अशा शॉटवर रात्री घालवल्यात म्हणून सांगतो, भव्यतेची भूक भव्यतेने भागत नाही. त्या फ्रेममध्ये कुणी दोरीवर कपडे वाळत घालताना दिसलं असतं तरी शहर वसलं असतं.

सिंगीतमांचा वारसा कुठे दिसतो असं विचाराल तर नाग अश्विन यांच्या ‘कल्कि 2898 एडी’कडे बोट दाखवीन. 2020 मध्ये या चित्रपटाच्या संहितेसाठी मार्गदर्शक म्हणून सिंगीतमांचं नाव जाहीर झालं, तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. जून 2024 मध्ये तो आला. त्यात अशक्य गोष्टी मुबलक आहेत आणि काही ठिकाणी त्या एकमेकींच्या पायांत येतात, हे मला मान्य आहे. पण पाया जुन्या घराण्याचा आहे. इसवी सनापूर्वी 3102 हे कलियुगाच्या आरंभाचं परंपरेने मानलेलं वर्ष. तिथून सहा हजार वर्षं मोजली की 2898 येतं. त्या ओसाड काशीत आपल्याला पहिला ओळखीचा भेटतो तो अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा, कपाळावर जखम घेऊन. त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. तीस वर्षांपूर्वी कृष्णदेवरायांनी केलं ते काम इथे अश्वत्थाम्याने केलं.

दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला आठवत असेल, 1989 मध्ये आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ मालिका लागायची. मुलांनी घरी जोडलेल्या कम्प्युटरपासून तिची गोष्ट सुरू व्हायची. पैसे नव्हते, म्हणून घर खरं, मुलं खरी, आई-वडिलांची बोलणी खरी आणि चमत्कार मोजका. गरिबीने लावलेली ही शिस्त होती. सिंगीतमांचं मोठेपण हे, की हाताशी मोठे नट आणि मोठी साधनं असतानाही त्यांनी ती आपणहून पाळली.

आणि ही शिस्त आपल्या मराठी माणसाला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमासाठी भांडवल उभं करताना वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून दाखवली होती. कुंडी साधी, वाटाणा साधा, फक्त काळ पळवलेला. भारतातला पहिला कालयंत्राचा शॉट तोच, असं मी नव्या मुलांना सांगतो. पुढे ‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’मध्येही त्यांनी चमत्कार केले ते लोकांच्या घरोघरच्या देवांच्या आधाराने. इतका पक्का आरंभ असूनही मराठीत विज्ञानपट म्हणून सुजय डहाके यांच्या 2016 च्या ‘फुंतरू’सारखी मोजकीच नावं निघतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: आपल्याकडे तेवढं बजेट नाही.

मला हे उत्तर पटत नाही. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही, नुसती चाटून गेली आणि मराठे जिंकले. अशक्य म्हणावी अशी गोष्ट तेवढीच. बाकी पुण्याहून मुंबईला जाणारी आगगाडी, टाउन हॉलमधलं ग्रंथालय, आझाद मैदानावरची सभा आणि भाषण ठोकायची सवय असलेला आपला ओळखीचा प्राध्यापक. पानिपत तर मराठी प्रेक्षकाच्या हाडीमासी रुजलेलं. सिंगीतमांना विजयनगर जसं आयतं मिळालं, तसं हे आपल्याला आयतं आहे.

या कथेवर चित्रपट करायचा झाला तर माझ्यासारख्याच्या वाट्याला येणारे शॉट थोडे असतील. स्टेशनांची नावं, दुकानांच्या पाट्या, इमारतींवरचे झेंडे बदलायचे आणि पायाखालच्या सावल्या नीट बसवायच्या. एका मध्यम मराठी चित्रपटाच्या खर्चात हे बसतं. नारळीकर मे 2025 मध्ये गेले. मराठी निर्मात्यांनो, बजेटचं कारण आता पुरे झालं. एका अशक्य गोष्टीवर समाधान मानणारा दिग्दर्शक शोधा आणि कामाला लागा.