बुद्धी उणे दोन

कॅरम, पत्ते, सापशिडी हे खेळ आपल्या घराघरांत आहेत. पण गेली तीन वर्षे मुलुंडच्या आमच्या खोलीत दर रविवारी दुपारी एक वेगळाच खेळ चालतो. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. माझा पुतण्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो शिकला आणि घरी घेऊन आला. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला आणि खेळ चालवायचे काम पोरांनी माझ्या गळ्यात घातले.

हा खेळ आहे तरी काय, असे वाचक विचारतील. ज्यांनी वग पाहिला आहे त्यांना समजायला सोपे जाईल. वगात कथा ठरलेली असते, पण सोंगाड्या बोलणे जागच्या जागी जुळवतो. इथेही एकजण कथा पुढे नेतो आणि बाकीचे एकेका पात्राचे सोंग घेऊन आपण काय करणार ते सांगतात. ते जमले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर सहा गुणांचे आकडे लिहितात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. आकड्यातून १० वजा करायचे, उरेल त्याचे निम्मे करायचे आणि अपूर्णांक आला तर खालचा आकडा धरायचा. बुद्धी १५ असेल तर अधिक २. ते फाशाच्या दानात मिळवायचे. एखादे काम शिकलेले असेल तर सुरुवातीला आणखी २. कोडे सोडवायला १५ हवे असतील, तर अशा पात्राला फाशावर ११ किंवा जास्त पडले पाहिजेत, म्हणजे वीसपैकी दहा वेळा यश.

पाच पोरांचे पाच कागद सांभाळता सांभाळता माझी अर्धी दुपार जायची. कोणाचा कागद चहाने भिजायचा, कोणी खोडरबर फार चालवायचा. म्हणून पुतण्याने मोबाइलवर सॉफ्टवेअर लावून दिले. पात्रांचे हिशेब ठेवणारी अशी सॉफ्टवेअरे नवी नाहीत. टीएसआर या मूळ कंपनीने १९९६ सालीच या कामाची सीडी काढली होती. पीसीजेन नावाचे एक सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि संगणकावर इंटरनेटशिवाय चालते. आमच्याकडे आहे ते डी अँड डी बियाँड. ते २०१७ साली सुरू झाले आणि २०२२ साली हॅसब्रो कंपनीने विकत घेतले. वंश निवडा, पेशा निवडा, आकडे भरा. बेरजा-वजाबाक्या आपोआप होतात. माझे काम हलके झाले, कथेकडे लक्ष देता येऊ लागले. हे उपकार मी नाकारत नाही.

पण गेल्या वर्षी एक प्रश्न निघाला. माझी भाची सातवीत आहे. तिला ऑर्क व्हायचे होते. ऑर्क म्हणजे या खेळातले धिप्पाड, रानटी समजले जाणारे लोक. आणि तिचा ऑर्क जादूगार होणार होता, ग्रंथ वाचून विद्या मिळवणारा. पुतण्याने २०१६ साली छापलेले एक पुस्तक घरी ठेवले आहे. तिने ते उघडले. ऑर्कच्या पानावर लिहिले होते: ताकद अधिक २, काटकपणा अधिक १, बुद्धी उणे २. मोबाइलवर मात्र बुद्धीची वजाबाकी दिसेना.

ती म्हणाली, “मामा, पुस्तक खरं की मोबाइल? आणि ऑर्कच्या पोटी जन्मलं म्हणून बुद्धी आधीच कमी का?”

हिशेब लहानच आहे. बुद्धी १५ ची १३ होते आणि यश वीसपैकी दहाऐवजी नऊ वेळा मिळते. पण प्रश्न लहान नाही, आणि आपल्या घरात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी जुने नियम शोधून वाचले. १९७८ सालच्या पुस्तकात ड्वार्फ वंशात जन्मलेल्याला जादूगाराची विद्या शिकायला बंदीच होती. हाफलिंग लढवय्या ठरावीक पायरीच्या वर चढू शकत नसे. माणसाच्या लढवय्याला अशी आडकाठी नव्हती. स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा कमी मर्यादा होती, ती १९८९ च्या नियमांत गेली. विद्येवरची बंदी २००० साली उठली. ऑर्कच्या बुद्धीतली वजाबाकी २०२० साली दुरुस्ती करून काढली. भाचीच्या हातातले पुस्तक दुरुस्तीच्या आधीचे होते आणि मोबाइलवर दुरुस्तीनंतरचे नियम होते. म्हणजे हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. माणसांनी लिहिले, खेळणाऱ्यांनी हरकत घेतली, माणसांनीच बदलले.

२०२४ च्या नव्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्द जाऊन ‘प्रजाती’ आला आणि जन्मावरून गुण वाढणे बंद झाले. आता वाढ मिळते ती पूर्वीच्या कामधंद्यावरून. ऐकायला बरे वाटते. पण शेतकऱ्याच्या नावापुढे ताकद, काटकपणा आणि शहाणपण हे तीनच गुण आहेत. बुद्धीची वाढ लेखनिकाला मिळते, पंडिताला मिळते, शेतकऱ्याला नाही. जन्म गेला आणि धंदा आला! माझे आजोबा शेतमजूर होते. रात्रीच्या शाळेत अक्षर शिकले आणि गावाची पत्रे वाचून दाखवू लागले. त्यांच्या बुद्धीची नोंद या यादीत कुठे बसणार?

आता सॉफ्टवेअरचे काम इथे येते. पुस्तकातला नियम डोळ्यांना दिसतो, त्यावर बोट ठेवून भांडता येते. सॉफ्टवेअर तोच नियम पोटात घालते आणि फक्त उत्तर दाखवते. मुलांना वाटते, यादीत नाही ते जगातच नाही. शिवाय यादी बदलते कंपनी. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की पात्रांच्या कागदांवर जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू जाऊन नव्या नियमांचे येतील. खेळणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. ओरड झाली नसती तर चालू कथेतल्या पात्रांच्या नोंदी बदलल्या असत्या.

मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मस्टर लिहिण्यात उमर घालवली. हजेरी संगणकावर गेली तेव्हा जुनी माणसे ओव्हरटाइमचे तास खिशातल्या डायरीत लिहीत राहिली. पगाराच्या दिवशी कमी तास लागले, तर डायरी काढून दाखवीत. ज्याची डायरी होती त्याचे तास मिळत. ज्याची नव्हती तो हात हलवत परत जाई.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, नवे पात्र आधी वहीत हाताने तयार करायचे, प्रत्येक आकडा कुठून आला ते लिहायचे आणि मगच मोबाइलवर चढवायचे. वजाबाकी, निम्मे करणे, वीसपैकी किती हे सगळे पोरांना त्यातून येते. दुसरी, खेळ संपला की वहीत तारखेसह नोंद करायची. तिसरी, यादीतली गोष्ट पटली नाही तर सर्वांनी बोलून बदलायची. खेळ चालवणाऱ्याने स्वतः नवी पार्श्वभूमी तयार करावी, अशी सोय २०२४ च्या नियमांतच आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये गुणाचा आकडा हाताने बदलता येतो. भाचीने ‘रात्रशाळेतला शेतमजूर’ अशी पार्श्वभूमी लिहिली: बुद्धी अधिक २, काटकपणा अधिक १. तिचा ऑर्क आता पाचव्या पायरीवर आहे आणि बाकीचे चौघे कोडे आले की त्याच्याकडे बघतात.

ज्यांना मुलांसाठी हा खेळ करून पाहायचा असेल, त्यांना खर्चाची भीती नको. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून खुल्या परवान्यावर फुकट मिळतो. दोनशे पानी वही आणि फासे एवढ्यावर काम भागते. मोबाइलचे सॉफ्टवेअर जरूर वापरा, वेळ वाचतो. पण मुलाला विचारायला शिकवा की हा आकडा कुठून आला, कोणी ठरवला आणि का.