हातावरची फुली : हार्डकोअरच्या श्रोत्यांचा इतिहास

१/ १९८० चा उन्हाळा. ‘टीन आयडल्स’ नावाच्या बँडमधील मुले वॉशिंग्टनहून बसने निघाली आणि अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘माबुहाय गार्डन्स’मध्ये वाजवायला पोहोचली. जागा मूळची फिलिपिनो उपाहारगृहाची. आत मद्य मिळे. मुले कायद्याच्या दृष्टीने मद्यपानाच्या वयाची नव्हती. चालकांनी त्यांना आत घेतले, पण हातांच्या पाठीवर काळ्या शाईने मोठी फुली मारून. या हातात पेला द्यायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. #धागा

२/ रॉक संगीताच्या इतिहासात वादकांची चरित्रे उदंड आहेत. हार्डकोअर पंकचा इतिहास मात्र त्या फुलीपासून, म्हणजे दारापासून, वाचायला घ्यावा. या संगीतातील मोठे वाद सुरांवरून कमी झाले. आत कोणाला घ्यायचे आणि मंचासमोर कोण उभे राहणार, यावरून अधिक झाले.

३/ हार्डकोअर म्हणजे पंकचे अधिक वेगवान, अधिक त्रोटक रूप. ‘मायनर थ्रेट’चे ‘स्ट्रेट एज’ (१९८१) हे गाणे एका मिनिटाच्या आत संपते. वॉशिंग्टनला हा वेग दाखवला तो ‘बॅड ब्रेन्स’ने. चौघेही कृष्णवर्णीय, आधी जॅझ फ्यूजन वाजवणारे. हार्डकोअर म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचा गोंगाट, असे म्हणणाऱ्यांनी त्यांची १९८० ची पहिली तबकडी ऐकावी. हात तयार असल्याशिवाय तो वेग पेलत नाही.

४/ गावी परतल्यावर ‘टीन आयडल्स’च्या मुलांनी हीच युक्ती तिथल्या क्लबचालकांपुढे मांडली. बिअर नको, संगीत ऐकू द्या. हवी तर हातावर फुली मारा. एफ स्ट्रीटवर ‘९:३० क्लब’ त्याच वर्षी उघडला होता. मनाईची ती खूण लवकरच मिरवण्याची खूण झाली आणि वय झालेलेही ती आपण होऊन काढू लागले. बँड मोडला तेव्हा साठलेले सुमारे ६०० डॉलर वाटून न घेता त्यातून ‘मायनर डिस्टर्बन्स’ ही तबकडी काढण्यात आली. तिच्या वेष्टनावर कोणा वादकाचा चेहरा नाही. फुल्या मारलेल्या दोन मुठी आहेत. ‘डिस्कॉर्ड’ या ध्वनिमुद्रण संस्थेची ही पहिली तबकडी.

५/ अशा एखाद्या संध्याकाळी आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आत काय दिसत असे? खांबावर चिकटवलेल्या झेरॉक्सच्या हस्तपत्रकावर पत्ता वाचून ती आलेली असते. मंच बुटका, मध्ये कठडा नाही. गायक मायक्रोफोन गर्दीत धरतो आणि पुढची ओळ चार-पाच तोंडे एकदम ओरडतात. कोणी मंचावर चढून खालच्या माणसांवर उडी घेतो. कोणी पडला तर शेजारच्यांनी त्याला काखेत धरून उभे करायचे, हा अलिखित नियम. मघाशी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला मुलगा पुढच्या बँडचा ढोलवादक निघतो. आपल्याकडे संगीत नाटकाचा प्रेक्षक ‘वन्समोअर’ मागत असे. येथे तो मागायच्या आत पुढचे गाणेही संपलेले असे! घरी जाताना कानांत शिट्टी वाजत राहते, ती दुसऱ्या दिवशी शाळेतही थांबत नाही.

६/ तिला हे संगीत आवडते, त्याहूनही तिला ती जागा आवडते. इथे ती केवळ गिऱ्हाईक नसते. उद्या तीही नियतकालिक काढील, छायाचित्रे घेईल, बँड उभा करील.

७/ पण ती जागा तशी राहिली नाही. अंगावर आदळत नाचण्याची रीत कॅलिफोर्नियातून आली होती. आरंभी तीत मौज होती. गर्दी वाढली तशी नाचाची मारामारी होऊ लागली, डोके भादरलेले स्किनहेड तरुण भांडण शोधतच येऊ लागले. पडलेल्याला उचलणारे हात कमी झाले. मुली एकेक पाऊल मागे सरकत भिंतीपाशी पोहोचल्या आणि मित्रांची जाकिटे सांभाळत उभ्या राहिल्या. ज्या मुलांना दारातून आत घेण्यासाठी फुली स्वीकारली गेली, त्यांच्यातल्याच अनेकांना आता आत येऊनही जागा उरली नाही.

८/ १९८५ मध्ये एमी पिकरिंग या तरुणीने परिचितांना निनावी चिठ्ठ्या पाठवून या मंडळींना डिवचले. त्या ऋतूला ‘रिव्होल्यूशन समर’ हे नाव पडले. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’सारखे बँड गाण्यात हळवेपणा आणू लागले, काही जुन्या श्रोत्यांना तो मुळीच रुचला नाही. त्याच जूनमध्ये ही तरुण मंडळी दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर वर्णभेदाविरुद्ध पत्रे-डबे बडवत उभी राहिली.

९/ ३ सप्टेंबर १९८७ रोजी ‘फुगाझी’चा पहिला कार्यक्रम विल्सन सेंटरमध्ये झाला. हे सभागृह एका जुन्या चर्चच्या इमारतीतले. फुगाझीचे धोरण ठरलेले : शक्य तिथे प्रवेशमूल्य पाच डॉलर आणि वयाची अट नाही. खाली कोणी दुसऱ्याला चिरडू लागला की गाणे थांबे. इयन मकाय किंवा गी पिचोटो मंचावरून त्या माणसाशी बोलत. तरीही तो ऐकेना, तर पाकिटात घातलेले पाच डॉलर परत देऊन त्याला बाहेरची वाट दाखवली जाई.

१०/ यावर रागावलेले श्रोते थोडे नव्हते. बेभान व्हायला आलेल्यास भर गाण्यात उपदेश ऐकावा लागणे म्हणजे शाळेतच परतणे, अशी त्यांची तक्रार. ती अगदी पोकळ नव्हती. हार्डकोअरची गोडी धोक्यातही आहे. आदळआपट काढून घेतली तर उरते ते ऐकण्याचे संगीत, आणि मुलगी काही केवळ ऐकायला आलेली नव्हती. पण तो धोका कोणाच्या वाट्याला येत होता, हा प्रश्न तक्रार करणाऱ्यांनी क्वचितच विचारला. १९९१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला आलेल्या ‘बिकिनी किल’ने तो उघड विचारला. कॅथलीन हॅना मुलींना पुढे बोलवी आणि पुरुषांना मागे सरायला सांगे. काही पुरुष संतापले. दहा वर्षे मुली मागे उभ्या होत्या, तेव्हा जागेचा प्रश्न त्यांना सुचला नव्हता.

११/ आता साधनांविषयी. या काळाची छायाचित्रे आणि आठवणी ‘बॅन्ड इन डीसी’ (१९८८) या पुस्तकात आहेत. ते सिद्ध केले सिंथिया कॉनली, लेस्ली क्लेग आणि शॅरन चेस्लो या तिघींनी. जेम कोहेन यांच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ (१९९९) या फुगाझीवरील चित्रपटात कॅमेरा वादकांना सोडून श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर थांबतो. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ मध्ये पंक संग्रह सुरू केला. खांबांवरची ती हस्तपत्रके आता तिथे जपली जातात.

१२/ फुगाझीच्या हजारांहून अधिक कार्यक्रमांपैकी आठशेंहून अधिक ध्वनिमुद्रित झाले. २०११ पासून ते टप्प्याटप्प्याने खुले करण्यात आले. त्यांत मध्येच तुटलेली गाणी आहेत, गर्दीचे ओरडणे आहे, मंचावरून दिलेली तंबी आहे. प्रत्येक मुद्रणासाठी सुचवलेली किंमत पाच डॉलर. ऐपतीप्रमाणे एक डॉलर दिला तरी चालतो.

(धागा समाप्त)