चौघांचे बिऱ्हाड

कोल्हापुरात 'बँड' या शब्दाला एकच अर्थ होता: वरातीपुढचा. २००२ साली आम्ही चौघांनी रॉक बँड काढल्याचे सांगितले, तेव्हा बहुतेकांनी सुपारी किती घेता एवढेच विचारले. प्रस्तुत लेखकद्वय हे त्या चौघांतले निम्मे. एकाने गिटार धरली, दुसऱ्याने गाण्याचे धाडस केले. पुढे दोघेही मराठीत एम.ए. होऊन अध्यापनाला लागलो, पण तो पुढचा भाग.

तालमीची जागा म्हणजे शाहूपुरीतल्या एका गूळ-अडतीची माडी. हंगामात खाली गुळाच्या रव्यांची चढउतार चाले आणि वर मुंगळ्यांचा संचार. ड्रमसेट एका ऑर्केस्ट्राकडून उसना आणलेला. त्यांचा कार्यक्रम असला की तो जाई. त्यात भारनियमन. वीज गेली की इलेक्ट्रिक गिटार म्हणजे निव्वळ लाकडाची फळी. ऑर्केस्ट्राच्या तारखा, विजेचे वेळापत्रक, परीक्षा आणि अडत्याची मर्जी या चारही गोष्टी जुळल्या, तर आठवड्यातून एकदा चौघे एकत्र बसत असू. संगीताचा प्रश्न त्यानंतरचा. रॉक संगीतावरच्या लेखनात बंडखोरीविषयी पुष्कळ लिहिलेले असते, या जुळवाजुळवीविषयी फारच थोडे.

त्या काळात आमच्यापाशी 'इंडियन ओशन'ची २००० साली आलेली 'कंदिसा' ही कॅसेट होती. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांचे अरामी भाषेतले स्तोत्र आणि नर्मदाखोऱ्यातले 'मा रेवा' एकाच कॅसेटमध्ये नांदत होते. नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षे काढलेला राहुल राम बेसगिटार वाजवीत होता, आणि असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवता वाजवता गात होता. आम्हांस मात्र गाण्यांइतकेच त्यांच्या तारखांचे अप्रूप वाटे. सुस्मित सेन आणि असीम यांची गाठ १९८४ची. बँड उभा राहिला १९९०मध्ये. राहुल राम १९९१ला आला आणि ड्रमवर अमित किलम १९९४ला. म्हणजे चौघे जमायलाच दहा वर्षे! दिल्लीत करोल बागेतल्या खजूर रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षे तालमी करीत. पुढे एका अल्बमला त्यांनी त्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला. ही कृतज्ञता आम्हांस कोणत्याही अर्पणपत्रिकेहून मोलाची वाटते.

मराठी माणसाला हे अपरिचित नसावे. संगीत नाटकाच्या काळात नाटक मंडळीचे 'बिऱ्हाड' असे, आणि हा शब्द फार नेमका होता. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व मंडळी निघाली. टेंबे थोड्याच वर्षांत तिच्यातूनही बाहेर पडले. अशा वेळी आपण 'फूट' म्हणतो आणि भांडण शोधू लागतो. (आमच्या समीक्षकवर्गाला तर भांडणाचा विशेष लळा.) आमच्या बँडमध्ये भांडण असे झालेच नाही. २००६मध्ये ड्रम वाजवणाऱ्याला पुण्यात नोकरी लागली. बेसवाला वडिलांच्या दुकानात बसू लागला. पुढच्या रविवारी बसू, असे म्हणता म्हणता रविवार संपले. भांडलो असतो तर निदान समेट तरी करता आला असता.

आमचा बेसवाला २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला. अंत्यदर्शनही झाले नाही. मागल्या वर्षी ड्रमवाला कोल्हापुरास परतला आणि म्हणाला, "तिघं बसूया की रं." तेव्हापासून आम्ही अस्वस्थ आहोत.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेला. त्याच्या जागी बँडने एक गायक घेतला आणि एक तबलावादक; एका माणसाच्या जागी दोन माणसे. करोल बागेच्या पत्त्याचा तो अल्बम त्यानंतर २०१०मध्ये आला, त्यात असीमचाच आवाज आहे. २०१३मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडला. तरी बँड थांबला नाही. हा तोच बँड का, असा प्रश्न कट्टर चाहते विचारतात. पूर्वी आम्हीही विचारीत असू, आता तो थोडा निर्दय वाटतो. मागे राहिलेल्यांनी वाद्ये गुंडाळून ठेवावीत, ही अपेक्षा करणारे स्वतः माडी चढलेले नसतात. मात्र रिकाम्या जागेकडे पाठ करून वाजवता येते, असेही आम्ही म्हणणार नाही. आमच्यातला गाणारा म्हणतो, तिघेच बसू. गिटारवाल्याच्या मते बेसवाचून ड्रम पोरका होतो.

मित्राच्या पत्नीने त्याची बेसगिटार आमच्याकडे पाठवली आहे, "पडून राहण्यापेक्षा वाजू दे" एवढ्याच निरोपासह. तारा गंजल्या होत्या, नव्या मागवल्या. द्वितीय वर्षातला एक विद्यार्थी बेस बरा वाजवतो. तो कालच विचारून गेला, "सर, रविवारी किती वाजता येऊ?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि पाचची वेळ दिली.