निळो पावणो

आमच्या तांबड्या मोटारसायकलवर तो दोन वर्षं चार महिने राहिला. दिवाळीनंतर आला, तिसऱ्या शिमग्याला गेला. राहत्या घराच्या भिंतीला त्याने कधी खिळा ठोकला नाही. फक्त जाताना टाकीच्या झाकणाशी रडवलं.

त्याला आणलं भाच्याने. भाचा मोपाच्या विमानतळावर कामाला, रोज सातार्ड्याचा पूल ओलांडून जातो. गाडी माझी, हौस त्याची. एका रविवारी पिशवीतून फवाऱ्याचे चार डबे काढून त्याने ओटीवर मांडले. मी म्हटलं, अरे, इतकी वर्षं जपलेला रंग, तो घालवतोस कशाला? तर म्हणाला, "हो रंग न्हय मामा, साल आसा. कंटाळो इलो काय सोलून टाकूची."

त्याचा पहिला जीव लष्करी हिरव्यावर होता. तो बेत मी हाणून पाडला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आणि आमची गाडी अजून सैन्यात भरती झाली नव्हती. मग निळ्यावर तडजोड झाली, बिनचकाकीचा, पावसाळ्याआधीच्या समुद्रासारखा. आरसी बुकात रंगाचा रकाना असतो, त्यामुळे कागदाचं काम दोनदा करावं लागलं: पाहुणा चढला तेव्हा एकदा, उतरला तेव्हा पुन्हा. साल सोलता येते, नोंद सोलता येत नाही.

पाहुण्याचं कूळ विचारणं आपल्याकडे रीतीचं. हा मुळात मोटारसायकलवाला नव्हेच. १९७२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका कंपनीने हत्यारांच्या मुठींसाठी पातळ रबर काढलं, प्लास्टी डिप नावाने. पकडीची मूठ डब्यात बुचकळायची, वर काढून टांगायची, वाळली की हातातून निसटत नाही. पुढे कुणीतरी तेच फवाऱ्यातून मारलं, ते गाडीच्या पत्र्यावर बसलं आणि कष्टकरी कुळातला हा प्राणी एकदम शौकिनांत जाऊन मिसळला. आता असले डबे बऱ्याच कंपन्या काढतात, पोरं सगळ्यांनाच 'डिप' म्हणतात. रबर म्हटल्यावर शेजारच्या तात्यांनी विचारलं, "दोडामार्गचा काय रे?" दोडामार्गात केरळच्या लोकांनी रबराच्या बागा उभ्या केल्यात, झाडाला चीर देऊन चीक वाटीत धरतात, ते तात्यांनी पाहिलेलं. पण याच्या अंगात झाडाचा थेंब नाही. हा निखळ कारखान्यातला.

स्वभावाने लहरी. दमट हवा त्याला सोसत नाही. डब्यातलं द्रावक भराभर उडतं, त्याने पत्रा गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि अंगावर पांढुरकी झाक येते. आमच्या वेंगुर्ल्याला हे सांगायचं म्हणजे माशाला पाण्यापासून जप म्हणण्यापैकी. म्हणून पाऊस सरून खळं सारवून झाल्यावर, ऊन जरा चढल्यावर मुहूर्त धरला. गाडी साबणाने धुतली, पॉलिशचा तेलकटपणा स्पिरिटने काढला, दिवे, इंजिन, सायलेन्सर कागद-टेपने झाकले. पहिला हात इतका विरळ मारला की खालचा तांबडा सरळ दिसत होता. माझी बायको म्हणाली, गाडीला गोवर आलाय. मग थोडं थांबून दुसरा, तिसरा, असे पाच. टेप मात्र ओलं असतानाच ओढायची. वाळल्यावर ओढली तर कड दातांनी कुरतडल्यासारखी फाटते.

पाच हात का, हे मला शेवटी कळलं. या गृहस्थाची अख्खी प्रतिष्ठा जाण्यात आहे. जाड थर दिलात तर तो एका ओढीत, अखंड, केळीच्या सोपटासारखा निघतो. कंजूषपणा करून दोन हातांवर भागवलंत तर पापुद्र्या-पापुद्र्याने नखं झिजवतो आणि तरी हलत नाही. आम्ही माणसांच्या बाबतीत उलटं समजत होतो.

आणि त्याचा हाडवैरी पेट्रोल. याला म्हणावा नशिबाचा खेळ: बसायला जागा मिळाली ती पेट्रोलच्याच टाकीवर. दुसऱ्या वर्षी एका पंपावर नळी काढताना चार थेंब सांडले. पोराने फडक्याने पुसले, तर फडक्याबरोबर निळाही आला. झाकणाभोवती पानाच्या पिचकारीएवढा डाग पडला, चिकट. भाचा दोन दिवस जेवला नाही म्हणजे काय, मासे सोडून जेवला. त्यानंतर पंपावर मी टाकीभोवती ओलं फडकं गुंडाळून उभा राहायचो आणि लोक माझ्याकडे बघायचे.

बाकी संसार बरा केला. नवाबागेची खारी हवा, उभादांड्याची वाळू, रस्त्याची तांबडी धूळ, सगळं अंगावर घेतलं. गुडघे घासतात तिथे गुळगुळीत झाला, उन्हाने जरा कडक झाला. जास्त वर्षं ठेवला की सुटता सुटत नाही म्हणतात. म्हणून शिमग्याच्या आधी निरोप द्यायचं ठरलं. त्यातली युक्तीही उलटीच: काढायच्या आधी झिजलेल्या जागी नवा जाड हात मारायचा, वाळू द्यायचा, मग जुना-नवा एकत्र उचलून येतो. पाहुण्याला जाताना जेवू घालूनच धाडायचं.

मडगार्डच्या कडेने नखाने उचकलं आणि ओढलं. सर्रकन् अख्खी चादर हातात आली. आत रबरी, बाहेर निळी, थोडी ताणली जाणारी. तात्यांनी उन्हात धरून सापाच्या कातीसारखी पाहिली. टाकीच्या झाकणाशी मात्र, पेट्रोलने चाटलेल्या जागी, तो पातळ होऊन बसला होता. मोचेमाडकरांच्या दशावतारी नाटकातल्या राजाने पहाटे तोंड पुसलं तरी कानामागे रंग राहतो ना, तसा. शेवटी पेट्रोलनेच पुसून काढला. वैऱ्याच्या हातून निरोप.

खालचा तांबडा जसाच्या तसा, शोरूममधून आणल्यासारखा. घोटाळा झाला तो बाजूच्या झाकणांचा. ती डिपशिवाय उन्हात राहिलेली, विटून सुक्या कोकमासारखी झालेली. आता गाडीला दोन तांबडे रंग आहेत आणि कोणता खरा, यावर घरात एकमत नाही.

चौथ्या डब्यात थोडं उरलं होतं. भाच्याने ते माझ्या जुन्या पकडीच्या मुठींवर मारलं. पक्कड अजून निळी आहे.